मोजलेलं पाणी

"बघ, बघ! परत मोजते आहे," शांता म्हणाली आणि टीव्हीच्या आणखी जवळ सरकली.

पडद्यावर जानकीने स्टीलच्या लहान पेल्यात पाणी ओतलं. पेला उजेडात धरून पाहिला, थोडं पाणी परत तांब्यात टाकलं आणि उरलेलं सासऱ्यांपुढे ठेवलं. अनंतरावांनी ते एका घोटात संपवून पेला पुन्हा पुढे केला. जानकीने तो उचलून आत नेला.

"सख्ख्या बापाक असां केलां असतां हिणें?" शेजारची देवकी म्हणाली.

'उघडं घर' हा कार्यक्रम गावागावांतल्या केबलवर लागायचा. चॅनलवाल्यांनी पेडण्यातल्या एका घरात कॅमेरे लावले होते. म्हातारा, आखातात नोकरीला असलेला मुलगा आणि घर एकटीने सांभाळणारी सून. लोक मोबाइलवर मतं लिहून पाठवत आणि त्यांतली निवडक मतं निवेदिका रोज वाचून दाखवी. शांताच्या गावात, आमोण्यात, संध्याकाळी सातनंतर दुसरा विषय नव्हता. म्हाताऱ्याच्या डाव्या हातावरचे काळेनिळे डाग कुणीतरी मोठे करून सगळीकडे पाठवले होते. सून मारते, यावर आता कुणाचं दुमत नव्हतं.

शांता अंगणवाडीतून निवृत्त झालेली. लिहिण्याचा तिला कंटाळा नव्हता. 'घोटभर पाण्यासाठी म्हाताऱ्याला हात पसरायला लावणाऱ्या बाईला बाई म्हणू नये,' हे तिचं मत निवेदिकेने नावानिशी वाचलं, तेव्हा देवकीने टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बसमध्ये एका अनोळखी माणसाने तिला उठून जागा दिली.

पण ती लिहीत होती ते टाळ्यांसाठी नव्हे. तिचा नवरा यशवंत ऑपरेशनच्या आदल्या रात्री पाणी पाणी करत होता. काही द्यायचं नाही, असं नर्सने बजावलं होतं. शांताने नुसते त्याचे ओठ ओले केले. तो ऑपरेशनच्या टेबलावरून परत आलाच नाही. सात वर्षं झाली, तरी स्वतःसाठी पाणी ओतताना तिचा हात अडखळायचा.

शुक्रवारी ती म्हापशाच्या बाजाराला गेली. मिरच्या आणि सुकी कोळंबी घेऊन झाल्यावर शहाळीवाल्यापुढे थांबली.

"तीन आडसरां काढ. पाणी ह्या बाटलीत भर."

परतीच्या बसकडे न जाता ती पेडण्याच्या बसमध्ये चढली.

घर विचारावं लागलं नाही. लोक स्वतःहून बोट दाखवत होते. एका घराच्या भिंतीवर कोळशाने शिवी लिहिलेली होती, तेच घर. दार जानकीने उघडलं. टीव्हीत दिसायची त्याहून ती बारीक होती.

"बाबांना बघायला आल्यें," शांता म्हणाली.

"निजलेत ते. कुणाला भेटू देत नाही, मावशी. राग मानू नका."

"का भेटू देत नाहीस?"

जानकीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग नुसती मान हलवली. "आठ दिवसांनी या. तेव्हा सगळं सांगीन." आणि तिने दार लोटलं.

शांता घराला वळसा घालून परसात गेली. तिथे कॅमेरा नव्हता. अनंतराव फणसाखाली खुर्चीवर जागे बसले होते. तोंड सुजलेलं, ओठ कोरडे पडून फुटलेले. तिने बाटली काढली.

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. "माका दिवूं नाका गो," ते पुटपुटले, पण हात पुढे आलेच होते.

"प्या. कोणी बघत नाही."

ते प्यायले. मध्ये थांबले, डोळे मिटले, पुन्हा प्यायले. शेवटचा थेंब संपल्यावर त्यांनी बाटली दोन्ही हातांनी कपाळाला लावली.

"जानकीक सांगूं नाका," ते म्हणाले.

केवढा धाक बसला आहे बिचाऱ्याला, शांताच्या मनात आलं. बसमध्ये ती सारा वेळ खिडकीकडे तोंड करून रडली, पण ते रडणं हलकं होतं.

शनिवारी सकाळी देवकी धावत आली. "शांताबाय, गेलो गो म्हातारो! पहाटे फांत्यापारार गेलो!"

निदान शेवटी पोटभर प्यायला माझ्या हातून, एवढंच शांताला सुचलं. मग तिने फोन घेतला आणि लिहिलं, 'हा मृत्यू नाही, खून आहे. सुनेला अटक करा.' दुपारपर्यंत चार हजार लोकांनी त्याला दुजोरा दिला. संध्याकाळी पेडण्याच्या त्या घरावर दगड पडले.

आठ दिवसांनी शेवटचा भाग लागला. देवकीच्या घरात बसायला जागा उरली नाही. शांताला सगळ्यांनी पुढे बसवलं.

जानकी पांढऱ्या साडीत कॅमेऱ्यासमोर बसली होती. कपाळावर पट्टी.

"लोक म्हणतात, तुम्हाला सासरे नकोच होते," निवेदिका म्हणाली.

"बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या," जानकी सावकाश बोलू लागली. "हातावरचे डाग डायलिसिसच्या सुयांचे. पाणी डॉक्टरांनी मोजून द्यायला सांगितलेलं. तुमच्याच माणसांनी बजावलं होतं, आजाराचं कुणाजवळ बोलू नका, शेवटच्या भागात सांगायचं आहे." निवेदिकेने मान खाली घातली. "शुक्रवारी ते शहाळ्याचं पाणी प्यायले. त्यांना ते वीखच. त्यातल्या पोटॅशियमने काळीज बंद पडलं. जाताना म्हणाले, एक बाय आली होती, मायेने दिलं तिणें, तिला बोल लावू नको."

देवकीने शांताकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"तुम्ही तिच्याविरुद्ध तक्रार करणार?"

"नाही. बाबांचा शब्द आहे." जानकीने मांडीवरची कागदांची फाइल उघडली आणि पुन्हा मिटली. "सून म्हणजे रक्ताची नव्हे, म्हणून कमिटीची परवानगी मिळायला वर्ष गेलं. ती त्या गुरुवारी आली. सोमवारी माझी एक किडनी बाबांना बसवायची होती."