शिक्षा झाली आहे का?

पोलीस ठाण्यात हवालदार बाईंनी माझा अर्ज वाचला अन् पेन खाली ठेवलं. "मामा, शिक्षा झालीय असं लिहिलंय तुम्ही. आता चारित्र्याचा दाखला कसा मिळंल?"

माझं तोंडच उतरलं. दाखल्याशिवाय शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून घेणार नव्हते. "बाई, खोटं कशाला लिहू? चौथीत गुरुजींनी तासभर कोंबडा केला होता."

बाई हसून हसून लाल झाल्या. "अहो, कोर्टानं दिलेली शिक्षा विचारलीय!"

"मग तसं लिहायचं की!"

त्यांनी नवा अर्ज दिला अन् 'नाही' लिहून घेतलं. "पण कोंबडा केला कशापायी?"

"गुरुजींची सायकल न विचारता पळवली, अन् थेट ओढ्यात घातली."

"हे शाळेत बोलू नका हं, मामा. बस द्यायचीय त्यांना तुमच्या हातात."