एक नंबर मोठे

"पळायला मोजे कसले घ्यावे गं?" चैतालीने विचारलं आणि उजमाच्या बुटाची लेस हातातच राहिली.

चैताली अनवाणी पळायची. कळवणकडच्या गावातून ती मावशीकडे इंदिरानगरला राहायला आली तेव्हापासून. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर यायचं, कडुनिंबाखाली चपला काढायच्या आणि सुटायचं. सराव घेणाऱ्या कारभारी सरांनी तिला एकदा चांगले बूट आणून दिले होते. दोन दिवस घालून तिने ते परत केले. "पाय कोंडल्यावाणी वाटतं, सर," म्हणाली.

उजमाचं सगळं उलट. तिची कातडी नाजूक, टाचेला फोड ठरलेला. त्यामुळे मोज्यांच्या बाबतीत तिचा हात धरणारं ट्रॅकवर कुणी नव्हतं. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. ओलं कापड कातडीवर घासलं की फोड आलाच. मोजा हवा पातळ, घाम न धरणाऱ्या धाग्याचा. बोटांवर जाड शिवण नको. आणि पायाला चापून बसणारा हवा, कारण सैल मोज्याला चुण्या पडतात आणि दहा किलोमीटरनंतर एक चुणी बुटातल्या खड्यासारखी टोचते. ही अक्कल उजमाने स्वतःच्या टाचा सोलून मिळवली होती.

रविवारी शहरात एकवीस किलोमीटरची स्पर्धा होती. पहिल्या येणाऱ्या मुलीला यंदा बंगळुरूच्या प्रशिक्षण केंद्रात जागा मिळणार होती. जागा एकच. पुढच्या वर्षी उजमा वयात बसणार नव्हती. आणि रोजच्या सरावात चैताली पुढे, तिची उडती वेणी बघत उजमा मागे, हे काही केल्या बदलत नव्हतं.

"का गं? बूट घालणारेस की काय?"

"सगळं डांबर हाय ना रविवारी. लय तापतं. फोड आला तर संपलंच की." चैताली शेजारी उकिडवी बसली. "तू घेतले असतेस तर कसले घेतले असतेस?"

उजमाने लेस बांधली. सोडली. पुन्हा बांधली.

"सुती," ती म्हणाली. "शंभर टक्के सुती. जाड, टॉवेलसारखे."

"बरं."

"आणि एक नंबर मोठे. पायाला हवा लागते."

चैतालीने आपला धुळीचा पाय उजमाच्या पायाशेजारी टेकवला, टाचेला टाच लावून पाहिली. "तुझा अन् माझा सारखाच भरतोय बघ."

"मग माझ्या मापाहून एक नंबर मोठे घे."

"घेतले की लगेच घालायचे?"

"नाही नाही, नवे कधीच नाही. नवे टोचतात." तेवढं एक खरं तिच्या तोंडून निसटलं.

चैताली मान डोलवत राहिली, शाळेत धडा ऐकावा तशी. मग म्हणाली, "तुझा फोड कसा हाय? बघू."

"बरा आहे," म्हणत उजमाने पाय मागे घेतला.

त्या दिवशी ती जेवण अर्धवट टाकून उठली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि बोलली ती नेमकी चैतालीशी. मागच्या पावसाळ्यात उजमाचा पाय मुरगळला तेव्हा आपला सराव सोडून तिला घरापर्यंत धरून आणणारी हीच. उजमाने फोन घेतला, 'अगं, सुती नको घेऊस' एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. दुकानदार सांगेलच की तिला, तिने स्वतःला समजावलं. त्यांचं कामच असतं ते.

रविवारी पहाटे अम्मीने, खुर्शीदाने, तिच्या हातात खजुराच्या दोन पुड्या दिल्या. "एक चैताली को देना. बेचारी की मां यहां कहां है?"

उजमाने दोन्ही पुड्या बॅगेत टाकल्या.

गोल्फ क्लबच्या मैदानावर ही गर्दी. कारभारी सर मुलींना रांगेत लावत होते. उजमा आपले जुने मोजे घालून आली होती, टाचेला विरलेले पण भरवशाचे. गर्दीतून चैताली येताना दिसली तशी तिची नजर आधी खाली गेली.

चैताली अनवाणीच होती.

उजमाचा जीव भांड्यात पडला. घातलेच नाहीत! नसतीलच घेतले. आपलं पाप आपल्यापाशीच राहिलं, कुणाला लागलं नाही. आज हरले तरी चालेल, असंसुद्धा क्षणभर तिला मनापासून वाटलं. तिने घाईघाईने खजुराची पुडी पुढे केली.

"अम्मीने दिलेत. बूट नाही घातलेस ते?"

"मी? मी कशाला घालू?" चैताली हसली आणि सरळ तिच्यासमोर जमिनीवर बसली. उजमा काही म्हणायच्या आत तिने तिच्या बुटाची लेस ओढली, बूट काढला, मोजाही उतरवला. विरलेल्या टाचेतून तिचं बोट आरपार गेलं. "हे बघ. महिनाभर बघतेय मी हे. सांगून आणले असते तर तू नको म्हणाली असतीस."

तिने पिशवीतून एक जोडी काढली. शेजारी येऊन कारभारी सर कौतुकाने बघत उभे राहिले.

"चैताली, नवे मोजे मी आज कसे..."

"नवे नायत. दोनदा धुऊन वाळवलेत. माझ्याकडून हरलीस तर हर बाई, फोडाकडून नको." चैतालीने तिची टाच आपल्या मांडीवर घेतली. "दुकानदार दुसरेच गळ्यात मारत होता, पातळ-पातळ. मी म्हटलं, उजमाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तू सांगितलेस तस्सेच घेतलेत, बघ. जाड, सुती, एक नंबर मोठे."