उजवा खांदा

“नुसतं बसायचंय हो दादा,” वकीलबाई म्हणाल्या. “बोलायला तुम्हांला कुणी लावणार नाही. बोलायला मी आहे.”

ते खरंच होतं. एकदा सुरू झाल्या की वकीलबाई कुणाच्या बापाचं ऐकत नसत. रविवारी चौकात कोठडीतल्या मारहाणीविरुद्ध सभा होती. बाहेरच्या खोलीत फलक रंगवून वाळत टाकले होते, आणि व्यासपीठावर मार खाल्लेली माणसं दिसायला हवी होती. इथं उपचारांना येणारे मास्तर तयार झाले होते. राहिला होता समोरचा हा. कुणाशी फारसा बोलत नाही म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणत.

मौनीबाबा खाली बघत राहिला. वकीलबाईंनी तोच होकार धरला आणि पडदा सारून निघून गेल्या.

फिजिओथेरपी करणाऱ्या ताईनं त्याला टेबलावर बसवलं, त्याचा उजवा कोपर तळहातावर घेतला आणि हात हळूहळू वर न्यायला सुरुवात केली. मारहाणविरोधी मोहिमेच्या कचेरीतच पडदा लावून ही उपचारांची जागा केलेली होती. इथं नियम एकच. कसं झालं, ते विचारायचं नाही. पोलीस विचारतात, कोर्ट विचारतं, पेपरवाले विचारतात. आपण तरी चौकशी करायची नाही, असं वकीलबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं. ताईला ते मनापासून पटलं होतं. शिवाय विचारायची गरजच काय? हात मागे बांधून टांगलेल्या माणसांचे खांदे तिनं ढिगानं पाहिले होते. याचा एकटा उजवाच खांदा कामातून गेला होता, हे जरा विचित्र होतं खरं. पण एका हातानं टांगलं असेल, असं तिनं आपलं ठरवून टाकलं होतं.

“ताई, मला तिथं नाही बसता येणार.”

“भीती वाटते? सगळ्यांनाच वाटते सुरुवातीला.”

“मी मार खाल्लेला नाही.” त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “दिलाय.”

ताईला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा हातातला कोपर सोडावा की धरून ठेवावा, हे कळेना. सोडला तर झटका बसेल, दुखेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिला स्वतःचाच राग आला.

“पोलीस?”

त्यानं होकारार्थी मान हलवली.

“मग इथं कशाला आलात? तमाशा बघायला?”

“आमच्या पोलीस दवाखान्यात कसं झालं ते सांगावं लागतं. मारता मारता खांदा गेला, हे माझ्या तोंडून निघेना. इथं विचारत नाहीत, असं ऐकलं होतं.”

पडद्यापलीकडे मास्तर कुणाला तरी विनोद सांगत होते. नेहमी ते आपली पाळी यालाच देत. ‘आधी तरण्या माणसाचं बघा, मी काय, जुनं सामान,’ म्हणत. आजही तसंच झालं होतं.

“मास्तरांना तुम्हीच…?” ताईनं विचारलं.

“नाही, नाही. त्यांना आमच्या चौकीत आणलं नव्हतं. मी आल्या आल्या खात्री करून घेतली.”

“आणि असते तर?”

तो पुन्हा खाली बघू लागला. मौनीबाबा हे नाव कुणी ठेवलं होतं कोण जाणे, पण अगदी शोभून दिसत होतं.

“घरी पोरगी लहान आहे,” तो म्हणाला. “उचलून घ्या म्हणते. डाव्या हातानं घेतलं तर म्हणते, असं नाही, डोक्याच्या वर.” तो अडखळला. “ताई, अर्धाच बरा करता येतो का?”

“काय?”

“पोरीला उचलण्यापुरता. त्याच्या पुढं नको. सध्या मला टेबलाचं काम दिलंय. साहेब सारखे विचारतात, खांदा कधी बरा होतोय. तुझ्यासारखं माणसाला बोलतं करायला दुसऱ्या कुणाला जमत नाही, म्हणतात.”

“सोडून द्या ना ती नोकरी!”

“बोलून बघितलं. साहेब हसले. म्हणाले, आधी हात बरा होऊ दे, मग बघू. आणि खरं सांगू? हात बरा झाला आणि त्यांनी त्या खोलीत बोलावलं, तर मी जाईन. मी मला ओळखतो.”

ताईला हसावं की ओरडावं सुचेना. पोरीला डोक्याच्या वर न्यायला हात जितका वर जावा लागतो, तितकाच काठी उगारायलाही. मध्ये कुठं थांबायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वकीलबाईंना हाक मारली, तर याला इथलं दार बंद होईल. खांदा असाच राहील, आणि कुणीतरी एक माणूस मारातून वाचेल. मारावीच हाक. पण फाटलेला खांदा तसाच सोडायचा, मुद्दाम, समोरच्याला दुखत राहावं म्हणून? मग बाहेर फलकांवर आपण काय लिहून वाळत टाकलंय? एकदा एक खरं वाटे, एकदा दुसरं, आणि दोन्ही वेळा तिला लाज वाटत होती.

डोकं असं गरगरत होतं आणि हात आपलं काम करत होते.

“अजून थोडा वर,” ती म्हणाली. आपण काय म्हणालो, ते म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं.

त्याचा हात वर गेला. पार कानाला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“दुखलं?”

“नाही,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.