गोदाक्काच्या छातीतलं मौन

किरण मोजणारं तपासणीचं यंत्र गोदाक्काच्या छातीवर गप्पच राहिलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, आप्पा सुतारांनी, त्याला जुन्या रेडिओसारखी थाप मारली. गेल्या महिन्यात तिथंच ते केवढं कडकडलं होतं! क्षयाच्या जंतूंना चिकटून त्यांना किरणांनी जाळणारं औषध तेव्हा छातीत ठाण मांडून होतं.

"बिघडलंय," आप्पा म्हणाले.

"मारू नका हो!" नर्स निलोफरनं यंत्र ओटीपोटाशी नेलं. ते लगेच तडतडलं. "सकाळच्या इंजेक्शनातलं औषध इथं उतरलंय, लघवीवाटे बाहेर चाललंय. छातीत त्याला चिकटायला जंतूच उरला नाही, आप्पा."

आप्पांनी दार सताड उघडलं. दोन वर्षं या घरचं पाणीही न प्यायलेल्या गल्लीला त्यांनी ऐटीत हाक दिली, "या, ऐकायला या! आमच्या हिच्या छातीत काही म्हणजे काही वाजत नाही!"