पारीबाईचं अनुमान

“आता ते अनुमान सांग,” पारीबाई म्हणाली आणि तिने पुढचा गणपती मांडीशी ओढला.

तिची सून दर्शना समोर पुस्तक उघडून बसली होती. लग्नानंतर चार वर्षांनी पोरीने पेणच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं होतं. शनिवारी तत्त्वज्ञानाचा पेपर आहे आणि त्यातले शब्द काही केल्या डोक्यात शिरत नाहीत, असं तिचं म्हणणं. म्हणून आठवडाभर ती गणपतीच्या कारखान्यात येऊन सासूलाच धडे देत होती.

“अनुमान म्हणजे दिसत नाही, पण खुणेवरून ओळखायचं. धूर दिसला की समजायचं, विस्तव असणार.”

“हात्तिच्या! यात शिकायचं काय हाय?”

खरंच, पारीबाईला अनुमान कोणी शिकवायला नको होतं. गेले सहा महिने ती त्याच्यावरच तर दिवस काढत होती. डोळ्यांपुढे सगळं धुरकट. माणूस पावलांवरून ओळखायचा, रंग डबीच्या जागेवरून. गणपतीच्या सोंडेवर करंगळी टेकायची, अंगठ्याने भुवईचा उंचवटा चाचपायचा आणि कुंचला फिरवायचा. तीस वर्षांचा हात, अजून चुकत नव्हता. अख्ख्या जोहे गावात तिच्यासारखे डोळे आखणारं दुसरं कोणी असेल तर ती दर्शनाच. आणि तिथेच घोडं अडलं होतं. सासूला दिसत नाही हे कळलं की ही बया पुस्तकं फेकून कुंचला घेऊन बसणार. एकदा शनिवार जाऊ दे, मग सांगू, असं पारीबाईने पक्कं ठरवलं होतं.

“आणि प्रत्यक्ष म्हणजे आपल्या डोळ्यांनी दिसतं ते.”

“ते ऱ्हाऊ दे,” पारीबाई घाईने म्हणाली. “सोपं हाय ते. तिसरं सांग.”

“तिसरं शब्दप्रमाण. भरवशाच्या माणसाने सांगितलं म्हणून खरं मानायचं. तुम्ही म्हणता ना, माझे डोळे ठणठणीत आहेत, तसं.”

“व्हय, हायतच मुळी!”

पारीबाईने कुंचला काळ्या रंगात बुडवला. करंगळी सोंडेवर टेकली. अंगठा भुवईवर गेला.

“आई, थांबा.” दर्शनाने तिचं मनगट धरलं. “याचे डोळे तुम्ही सकाळीच काढलेत.”

सकाळचा रंग केव्हाच वाळला होता. बोटाला कसा लागणार? पारीबाईला रडूच फुटलं.

“कोणाला सांगू नको गो,” ती म्हणाली. “तुझा पेपर होऊ दे आधी. तू आता इथं बसलीस तर तुझं शिकणं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. मी करीन शनिवारपर्यंत कसं पण.”

दर्शनाने तिच्या हातातला कुंचला काढून घेतला. फडकं ओलं करून तिची बोटं एकेक करत पुसली. तिचेही डोळे भरून आले होते, पण ते पारीबाईला दिसायचं कारण नव्हतं.

“सोमवारी रंग आणायला म्हणून गेले ना, तेव्हाच पेपर दिला, आई. चांगला गेला. नंतरचे धडे तुमचे डोळे बघायलाच होते. शनिवारी आहे तो तुमचा नंबर, डोळ्यांच्या डॉक्टरकडे.”