पोस्टमनची बाजू

सलूनवाला आणि पोस्टमन वीस वर्षं भांडत आले होते. पोस्टमनच्या मते खरी मारधाड फक्त जुन्या सिनेमांत, सलूनवाल्याच्या मते रिमेकमध्ये. माघार कोणीच घ्यायचं नाही. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, त्यानंतर पोस्टमन आज पहिल्यांदा दाढीला आला आणि मुकाट खुर्चीत बसला.

"सुटलास असं समजू नकोस," टाके जपत साबण लावताना सलूनवाला म्हणाला. "आज तुझंही मीच बोलतो. तू म्हणणार, आमचा हिरो स्वतः गच्चीवरून उडी मारायचा. मी म्हणणार, उडी म्हणजे अभिनय का? तू म्हणणार, पडल्यावरचा चेहरा बघ, खरंच लागलेलं दिसतं..."

तो अडला. "हरलो रे बाबा!"

पोस्टमन आवाजाविना इतका हसला, की सलूनवाल्याला वस्तरा खाली ठेवावा लागला.