लग्नाचे पैसे

"मावशी, ठेवीवर सात टक्के मिळतात आणि कर्जावर बारा भरताय. ठेव मोडा, कर्ज फेडून टाका," बँकेतल्या बाईंनी आईला तिसऱ्यांदा समजावलं.

आईने पावती पदराखाली सरकवली. "ते हिच्या लग्नाचे पैसे आहेत."

"अगं, आठ वर्षं झाली माझ्या लग्नाला. जावई शेजारी बसलाय तुझ्या."

"कोर्टात सह्या केल्यात. त्याला लग्न म्हणतात?"

तिच्या घरदुरुस्तीच्या कर्जाचे हप्ते आम्हीच भरत होतो. पायऱ्या उतरताना माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

"मग आपलीच ठेव मोडू," नवरा हळूच म्हणाला. "मूल होणार नाही, हे डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलंय."

"ती नाही मोडायची," मी खेकसले. "ते बाळाचे पैसे आहेत."